व्यक्तिचित्र आणि व्यक्तिशिल्प : बुलडाणा जिल्ह्यातील विद्यार्थी-प्रकल्पांची उभारणी

प्रस्तावना :

बुलडाणा जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत चित्रप्रदर्शनाचे दालन असते आणि त्या दालनात चेहरे हमखास असतात. राजमाता जिजाऊ, छत्रपती शिवाजी महाराज, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, शेगावचे गजानन महाराज आणि त्यांच्याच रांगेत एखादा चित्रपट अभिनेता किंवा क्रिकेटपटू अशी ही मांडणी असते. यांतील बहुसंख्य चित्रे छायाचित्रावरून, चौकटी आखून आणि पेन्सिलीची पूड बोटाने घासून काढलेली असतात. पाहणाऱ्यांचे त्याने समाधान होते, विद्यार्थ्याला प्रमाणपत्रही मिळते. मात्र त्याच विद्यार्थ्यासमोर त्याची आजी बसविली आणि तिचे चित्र काढण्यास सांगितले तर त्याचा हात थबकतो. अभिनेत्याचा प्रत्येक केस रेखाटणाऱ्या या मुलाला आजीचे डोळे कपाळाखाली किती अंतरावर आहेत, हे सांगता येत नाही. त्याने आजवर चेहरा पाहिलेलाच नसतो, पाहिलेला असतो तो कागद.

विद्यार्थ्यांच्या हाती कला-प्रकल्प म्हणून व्यक्तिचित्र व व्यक्तिशिल्प सोपवावयाचे असेल तर त्याची उभारणी कशी करावी, त्यासाठी जिल्ह्यातील कोणती साधने, कोणती परंपरा आणि कोणते प्रश्न उपयोगी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर वाणिज्य वा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यालाही ललित कलांचा सहअभ्यासक्रम निवडता येऊ लागला आहे. कलाशिक्षणाचे कोणतेही पूर्वसंस्कार नसलेला विद्यार्थी त्यामुळे या विषयाकडे वळू लागला असून, ‘एक चित्र काढून आणा’ एवढ्या सूचनेवर त्याचा प्रकल्प सोडून देणे योग्य नाही.

परीक्षेबाहेर राहिलेला चेहरा :

महाराष्ट्रातील शालेय विद्यार्थ्याचा चित्रकलेशी औपचारिक परिचय होतो तो कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे. या परीक्षांनी खेडोपाडी चित्रकलेची गोडी लावली, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु त्यांच्या प्रश्नपत्रिका वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन अशा स्वरूपाच्या आहेत. माठ, बादली, वांगी आणि कापडाची घडी मुले मनापासून काढतात. स्मरणचित्रात आठवडी बाजारही भरवितात. त्या बाजारातील माणसांना मात्र चेहरे नसतात, असले तरी सर्वांचे एकसारखे असतात. व्यक्तिचित्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसल्याने त्याचा सराव होत नाही. कलामहाविद्यालयात प्रवेश न घेणाऱ्या विद्यार्थ्याला मग ही विद्या आयुष्यभर भेटत नाही.

वास्तविक महाराष्ट्राच्या आधुनिक कलेचा पाया ज्या विद्येवर उभा राहिला ती हीच होय. मुंबईत १८५७ मध्ये सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली आणि समोर माणूस बसवून त्याचे यथार्थ दर्शन घडविण्याची पद्धत तेथून रुजली. म. वि. धुरंधर, आ. झे. त्रिंदाद, सा. ल. हळदणकर, गोपाळ देऊसकर ही चित्रकारांची परंपरा आणि गणपतराव म्हात्रे, वि. पां. करमरकर, बा. वा. तालीम ही शिल्पकारांची परंपरा या अभ्यासातून घडली. धुळे जिल्ह्यातील गोंदूर या खेड्यात १९२५ मध्ये जन्मलेले राम सुतार याच शाळेतून शिकून बाहेर पडले आणि पुढे देशभरातील भव्य पुतळ्यांमुळे ख्यातनाम झाले. खेड्यातील कलाशिक्षकाची पारख कुठवर पोहोचू शकते, याचे हे उदाहरण कोणाही ग्रामीण शिक्षकाला बळ देणारे आहे.

या परंपरेतील एक बाब विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. हळदणकरांच्या म्हैसूर येथील जगप्रसिद्ध जलरंगचित्रात हातात दिवा घेऊन उभी असलेली तरुणी ही त्यांची स्वतःची कन्या होती. वासुदेव कामत यांना २००६ मध्ये अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला तो पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी. उत्तम चित्रासाठी प्रसिद्ध चेहरा लागतो, हा समज या दोन उदाहरणांनी दूर होण्यास हरकत नाही. घरातील माणूस जवळ असतो, पुन्हा पुन्हा बसण्यास तयार असतो आणि चित्र फसले तरी रागावत नाही.

मूर्ती आणि व्यक्ती :

बुलडाणा जिल्ह्यातील विद्यार्थी शिल्पाला अनोळखी नाही. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या बाह्यभिंती त्याने सहलीत पाहिलेल्या असतात. मेहकरच्या शार्ङ्गधर बालाजीची सुमारे ११ फूट उंचीची काळ्या पाषाणातील मूर्ती १८८८ मध्ये जमिनीतून मिळाली, ही कथा त्याने घरी ऐकलेली असते. सिंदखेड राजा येथे लखुजीराव जाधव यांच्या समाधिस्थळाच्या जतनकार्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणास २०२४ मध्ये शेषशायी विष्णूची मूर्ती आढळली. ती सुमारे १.७० मीटर लांब व १ मीटर उंच असून क्लोराइट शिस्ट या तुलनेने मऊ पाषाणात घडविलेली आहे. आपल्या भागातील काळा बेसॉल्ट आणि हा पाषाण यांतील फरक बोटांनी समजून घेण्यासारखा आहे. होयसळ शिल्पांतील दागिन्यांची नाजूक कोरीव कामे अशा मऊ पाषाणामुळेच शक्य झाली. माध्यम बदलले की चेहऱ्याचे तपशील बदलतात, हा पाठ विद्यार्थ्याने येथेच शिकावा.

तथापि मूर्ती आणि व्यक्तिशिल्प यांत मूलभूत भेद आहे आणि तो स्पष्ट न केल्यास प्रकल्पाची दिशा चुकते. भारतीय मूर्तिशास्त्रात मुख हेच मोजमापाचे एकक आहे. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचे अंतर म्हणजे एक ताल, म्हणजेच १२ अंगुले. नवताल मूर्तीची उंची १०८ अंगुले होते. देवता कोणती यावर ताल ठरतो आणि तालावर सारे शरीर ठरते. शिल्पी येथे कोणा एका माणसाकडे पाहत नाही, तो नियमाकडे पाहतो. जिल्ह्यातील गणेशमूर्ती घडविणाऱ्या कारागिरांचे कौशल्यही याच जातीचे आहे. त्यांचा हात साच्यात आणि सवयीत पक्का झालेला असतो. माती मळणे, ती ओली राखणे, पृष्ठभाग पाण्याच्या हाताने गुळगुळीत करणे या गोष्टी विद्यार्थ्याने त्यांच्याकडूनच शिकाव्यात. अशा कारागिराच्या शेडमध्ये घालविलेली एक दुपार पुस्तकातील प्रकरणाहून अधिक शिकविते. मात्र व्यक्तिशिल्पाला नियम पुरत नाही. प्रत्यक्ष माणसाची डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर असते, नाक एका बाजूला झुकलेले असते, दात पडल्यामुळे एक गाल बसलेला असतो. मूर्तिकार ज्याला दोष मानून टाळील, नेमक्या त्याच गोष्टींत ती व्यक्ती असते.

समोरचा माणूस :

प्रकल्पाचा आरंभ रेखाटनाने करावा, शिल्पाने नव्हे. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याने एकही पूर्ण चित्र काढू नये. पाच ते दहा मिनिटांची वीस-पंचवीस रेखाटने करावीत, एस. टी. च्या थांब्यावर, घराच्या ओट्यावर, आठवडी बाजारात. त्यानंतर एका व्यक्तीची निवड करून तिच्या किमान आठ बैठकी घ्याव्यात. एक बैठक वीस मिनिटांची असावी आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती द्यावी. वयोवृद्ध माणूस यापेक्षा जास्त वेळ स्थिर बसत नाही आणि बसलाच तर त्याचा चेहरा कंटाळलेला दिसतो. कंटाळलेल्या आजोबांची चित्रे प्रदर्शनांत पुष्कळ असतात.

नवशिक्याच्या चुका ठरावीक असतात. डोळे डोक्याच्या फार वर काढले जातात, कारण कपाळ व टाळू यांकडे कोणी लक्ष देत नाही. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या एकूण उंचीच्या साधारण मध्यावर येतात. लहान मुलांत ते मध्याच्याही खाली असतात, म्हणूनच पाळण्यातील बाळाचे चित्र प्रौढाच्या प्रमाणात काढले की ते बुटक्या माणसासारखे दिसते. समोरून पाहता चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांइतकी भरते आणि कान भुवई व नाकाचा तळ यांच्या दरम्यान बसतो. ही प्रमाणे पाठ करून चित्र होत नाही. समोरचा माणूस या प्रमाणापासून कोठे व किती ढळतो, हे हेरण्यासाठी त्यांचा उपयोग करावा. हात पूर्ण लांबवून पेन्सिलीने माप घेण्याची जुनी रीत याकरिता आजही पुरेशी आहे.

प्रकाशाचा विचार बहुधा होतच नाही. वर्गखोलीतील ट्यूबलाइटखाली चेहऱ्यावर चारी बाजूंनी प्रकाश पडतो आणि उंचसखलपणा नाहीसा होतो. एका बाजूची खिडकी वा दार उघडे ठेवून बाकीची बंद केल्यास गालाचे हाड, डोळ्याची खोबण, नाकाची सावली स्पष्ट दिसते. उत्तरेकडील खिडकी उत्तम, कारण तिचा प्रकाश दिवसभरात फारसा बदलत नाही. टिनपत्र्याच्या घरांत दुपारी बसविणे म्हणजे बसणाऱ्याचा छळच होय. सकाळची वेळ ठरवावी.

छायाचित्र वर्ज्य मानावे काय? तसे नाही. चौकट पद्धतीनेही हाताला शिस्त लागते. पण मोबाईल हातभर अंतरावर धरून टिपलेल्या चेहऱ्यात नाक प्रत्यक्षाहून मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात; कॅमेरा जवळ असल्याने घडणारा हा विपर्यास विद्यार्थी इमानेइतबारे कागदावर उतरवितो. छायाचित्र घ्यावयाचेच असेल तर दोन-तीन मीटर अंतरावरून, समोरून, दोन्ही बाजूंनी व पाऊण बाजूने घ्यावे आणि बैठकींची जागा त्याला देऊ नये.

साधनांच्या खर्चाची अडचण वारंवार सांगितली जाते. तीत तथ्य आहे. तालुक्याच्या गावी चांगला कागद व चारकोल मिळेलच असे नाही. परंतु चारकोल म्हणजे हवेशिवाय भाजलेले लाकूड. तुराट्यांच्या बारीक, सरळ काड्या साल काढून झाकणबंद डब्यात घट्ट भराव्यात, झाकणाला एक बारीक छिद्र पाडावे आणि डबा चुलीच्या निखाऱ्यांत ठेवावा. छिद्रातून येणारा धूर थांबला की डबा बाहेर काढून पूर्ण गार होईपर्यंत उघडू नये, अन्यथा आतील काड्या पेट घेतात. काही काड्या कडक निघतील, काही भुसभुशीत. दोन्हींचा उपयोग आहे. कापूस व तूर पिकविणाऱ्या या जिल्ह्यात अशा काड्यांना तोटा नाही.

उठावाची पायरी :

रेखाटनातून एकदम गोल शिल्पाकडे जाणे विद्यार्थ्याला जड जाते. मधली पायरी उठावशिल्पाची ठेवावी. अनेक घरांत अद्याप एखादा राणीछाप रुपया जपून ठेवलेला असतो. त्यावरील व्हिक्टोरिया राणीची बाजूने दिसणारी मुद्रा हे अत्यल्प उंचीत साधलेले व्यक्तिशिल्पच आहे. गाल, कान, केस आणि मुकुट एकमेकांच्या पुढे-मागे आहेत असा भास एका नाण्याच्या जाडीत कसा होतो, हे बहिर्गोल भिंगाखाली पाहून विद्यार्थ्याने वीतभर मातीच्या फळीवर आपल्या व्यक्तीची बाजूची मुद्रा घडवावी. चांदीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या खामगावात ठशांचे व उठावाचे काम पाहण्याची सोय आहे, तिचाही लाभ घेता येईल.

माती, सांगाडा आणि साचा :

व्यक्तिशिल्पाचे प्रकल्प अपयशी होतात ते बहुतांशी कलेमुळे नव्हे, मातीमुळे. पूर्णा खोऱ्यातील विद्यार्थी शेतातील काळी माती आणतो, कारण ती चिकट असते व फुकट मिळते. पहिल्या दिवशी ती लोण्यासारखी वाटते. आठवड्याने डोक्याला बोटभर रुंद भेगा पडतात आणि नाक गळून पडते. काळ्या मातीतील खनिज पाणी शोषून फुगते व वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आणि शिल्पाला पडणाऱ्या भेगा यांचे कारण एकच आहे. म्हणून प्रत्येक मातीची प्रथम परीक्षा घ्यावी. मातीची बोटभर जाड पट्टी करून तीवर बरोबर १० सेंटिमीटर लांबीची रेघ ओढावी आणि पट्टी सावलीत पूर्ण वाळल्यावर रेघ पुन्हा मोजावी. ती ९ सेंटिमीटर भरली तर माती दहा टक्के आकसली. घाटावरील व घाटाखालील वेगवेगळ्या गावांच्या, तलावाच्या गाळाच्या, कुंभाराच्या चाकावरच्या आणि बाजारातून आणलेल्या शाडूच्या मातीची अशी तुलना हा स्वतंत्र प्रकल्पच होईल व भूगोल आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही त्यात सामील करून घेता येईल. कुंभार मातीत लीद, राख वा बारीक रेती का मिसळतो, याचे उत्तर तेथे आपोआप सापडते.

मानवी आकाराच्या डोक्याला गळ्यासह दहा ते पंधरा किलो माती लागते. ती आधाराशिवाय उभी राहत नाही. जाड फळीवर लाकडी खुंट ठोकून त्यावर जाड तारेचा अंड्याच्या आकाराचा सांगाडा बांधावा आणि त्यातून काड्यांचे छोटे फुले-क्रॉस सुतळीने लोंबते सोडावेत, म्हणजे माती खाली घसरत नाही. सांगाडा नाकाच्या वा हनुवटीच्या जागी पृष्ठभागाच्या फार जवळ आला तर पुढे तार उघडी पडते. ही चूक तीन आठवड्यांनी लक्षात येते आणि तेव्हा ती दुरुस्त करता येत नाही. सांगाडा आकसत नाही आणि माती आकसते, त्यामुळे सांगाड्यावरील शिल्प वाळू देणे म्हणजे ते तडकू देणे. काम थांबविताच ते ओल्या गोणपाटाने व वरून प्लास्टिकने झाकावे. घाटाखाली शेगाव, खामगाव, मलकापूर भागांत मार्चनंतर गोणपाट तासाभरात कोरडे पडते. हा प्रकल्प दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर साचा काढून संपवावा, हे वेळापत्रक हवामानानेच ठरवून दिले आहे.

घडविताना विद्यार्थी चेहऱ्यासमोर उभा राहून डोळ्यांच्या पापण्या कोरू लागतो. त्याला फिरवावे. प्रथम बाजूची कड, मग मागील डोके, मग वरून दिसणारा कवटीचा आकार, असे काम झाले पाहिजे. कानापासून नाकाच्या टोकापर्यंत, कानापासून हनुवटीपर्यंत, कवटीच्या रुंद भागाची रुंदी अशी मापे बाकदार कॅलिपरने घ्यावीत. लोहाराकडून असा कॅलिपर करून घेता येतो. डोळ्याचे बुबुळ, ओठाची रेघ, केस यांना शेवटच्या बैठकींपर्यंत हात लावू नये.

साच्याची साधी रीत अशी. ओल्या मातीच्या डोक्यावर, दोन्ही कानांमागून व टाळूवरून जाणाऱ्या रेषेत पत्र्याच्या पातळ पट्ट्या रोवून पुढचा व मागचा भाग वेगळा करावा. पाण्यात प्लास्टर सोडावे, प्लास्टरमध्ये पाणी ओतू नये. गाठी त्यामुळे होतात. पहिल्या पातळ थराच्या पाण्यात थोडी नीळ घालावी व त्यावर पांढऱ्या प्लास्टरचा जाड थर द्यावा. साचा निघाल्यावर आतील माती काढून, धुऊन, साबणाच्या पाण्याचे दोन-तीन हात देऊन आत नवे प्लास्टर ओतावे. ते बसल्यावर बाहेरचा साचा छिन्नीने हलके फोडत जावे. निळा थर दिसू लागला की शिल्प जवळ आले, हात सावध करावा. नीळ घालण्यास विसरलेला विद्यार्थी आपल्याच शिल्पाचे नाक उडवितो.

एक धोक्याची सूचना येथे आवश्यक आहे. हौसेपोटी मित्राच्या चेहऱ्यावर थेट प्लास्टर लावून ठसा घेण्याचे प्रयोग मुले करतात. प्लास्टर घट्ट होताना तापते, त्वचा भाजू शकते आणि नाकातोंडावर ते बसल्यास श्वास कोंडतो. असे प्रयोग पूर्णपणे वर्ज्य समजावेत. शिवाय ठशातून मिटल्या डोळ्यांचा, दबलेला चेहरा मिळतो, त्यात पाहण्याचा अभ्यास काहीच होत नाही.

ज्यांचे चित्र नाही त्यांचा चेहरा :

सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. दरवर्षी १२ जानेवारीला तेथे लोटणाऱ्या जनसागराच्या साक्षीने वाढलेला विद्यार्थी व्यक्तिशिल्पाचा विषय म्हणून जिजाऊंचे नाव सुचवितो, हे स्वाभाविक आहे. शिक्षकासमोर मात्र येथे खरा पेच उभा राहतो. जिजाऊंचे त्यांच्या हयातीत काढलेले सर्वमान्य चित्र आज उपलब्ध नाही. दिनदर्शिका, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि पुतळे यांतून परिचित झालेला चेहरा हा कलावंतांच्या कल्पनेतून आलेला आहे. विद्यार्थी त्या कल्पनेची नक्कल करतो आणि तिलाच इतिहास समजतो.

हा पेच छत्रपती शिवाजी महाराजांच्या बाबतीतही होता. भलत्याच व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून दीर्घकाळ प्रचारात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ च्या सुमारास डच साधनांच्या आधारे महाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणले आणि ती चूक सुधारली. करमरकरांचा पुण्यातील सुप्रसिद्ध अश्वारूढ पुतळा १९२८ मधील, म्हणजे या संशोधनाच्या आधीचा आहे. कलाकृती म्हणून तो श्रेष्ठच आहे. पण पुरावा आणि कलाकृती या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे यावरून ध्यानात येते.

मग विद्यार्थ्याने जिजाऊंचे शिल्प करूच नये काय? करावे, परंतु पायऱ्या ओळखून करावे. पहिला प्रश्न वयाचा. जिजाऊंचा जन्म १५९८ चा आणि निधन १६७४ मध्ये पाचाड येथे झाले. बाल शिवाजीला शिकविणाऱ्या जिजाऊ दाखवावयाच्या तर शिवरायांचा जन्म १६३० चा असल्याने त्या चाळिशीच्या घरात असल्या पाहिजेत. प्रचलित चित्रांत त्या अनेकदा विशीतील तरुणीसारख्या दिसतात. राज्याभिषेक पाहणाऱ्या जिजाऊ शहात्तर वर्षांच्या होत्या. त्या वयाचे शिल्प करण्याचा विचार विद्यार्थ्यांच्या मनात सहसा येत नाही, आणि खरे आव्हान तर तेथेच आहे. १६२९ मध्ये वडील व भाऊ देवगिरीवर मारले गेल्याचे दुःख सोसलेली, पती व थोरला मुलगा गमावलेली, आणि तरीही अखेरच्या दिवसांत सिंहासन पाहिलेली वृद्धा घडविण्यासाठी कोणता चेहरा समोर बसवावा?

येथे फ्रेंच शिल्पकार रोदँ याचे उदाहरण मार्गदर्शक ठरते. कादंबरीकार बाल्झाक १८५० मध्ये वारला होता. त्याच्या स्मारकाचे काम रोदँकडे १८९१ मध्ये आले. रोदँने उपलब्ध प्रतिमा तपासल्या, बाल्झाकच्या जन्मप्रांतात जाऊन तेथील लोकांचे चेहरे अभ्यासले, इतकेच नव्हे तर बाल्झाकच्या मापाचे कपडे शिंप्याकडून शिवून घेतले. सात वर्षांनी, १८९८ मध्ये, त्याने शिल्प मांडले तेव्हा काम देणाऱ्या संस्थेने ते नाकारले. आज ते आधुनिक शिल्पकलेतील महत्त्वाची कृती मानले जाते. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, चिखली परिसरातील चाळीस ते पंचाहत्तर वयाच्या स्त्रियांची रेखाटने विद्यार्थ्याने आधी करावीत. त्या भागातील गालाच्या हाडांची ठेवण, डोळ्यांभोवतीची बारीक करणारी उन्हाची सवय, डोक्यावरून घेतलेल्या पदराची घडी यांतून शिल्प उभे करावे. शेवटी शिल्पाखालील पाटीवर ‘प्रत्यक्ष चित्राच्या अभावी परिसरातील स्त्रियांच्या अभ्यासातून साकारलेली कल्पना’ अशी नोंद करावी. या नोंदीने श्रद्धेला बाधा येत नाही.

एकाच छायाचित्रावरून शिल्प करण्याची समस्या याहून निराळी आहे. साईबाबांचे निर्वाण १९१८ चे. शिर्डीतील संगमरवरी मूर्ती तालीम यांनी घडविली आणि ती १९५४ मध्ये बसविण्यात आली. समोर माणूस नसताना सपाट छायाचित्रातून त्रिमिती शरीर निर्माण करण्यासाठी शिल्पकाराजवळ हजारो प्रत्यक्ष डोक्यांचा अभ्यास असावा लागतो. छायाचित्रात जो कान दिसत नाही तो कोठे असेल, हे त्याला ठाऊक असते. प्रत्यक्ष माणसांचा अभ्यास न केलेला विद्यार्थी अशा वेळी पुढून चेहरा आणि मागून मडके घडवितो.

बसणाऱ्याचा अधिकार :

विद्यार्थ्यांच्या व्यक्तिचित्रांत सुरकुत्यांचे एक व्यसन आढळते. खोल सुरकुत्या, पांढरी दाढी, फाटका फेटा आणि आभाळाकडे लागलेली नजर, शीर्षक ‘बळीराजा’. विदर्भातील शेतकऱ्यांच्या दुःखाची जाणीव त्यामागे असते, याविषयी शंका नाही. पण ते दुःख कोणाचे आहे, त्या माणसाचे नाव काय, त्याने हे चित्र पाहिले काय, याची उत्तरे बहुधा नसतात. बंजारा स्त्रियांच्या चित्रांतही आरसे, दागिने आणि कशिदा तपशीलवार येतो, चेहरा मात्र राहून जातो. म्हणून प्रकल्पवहीत बसणाऱ्याची संमती, त्याच्याशी झालेल्या गप्पांची टिपणे आणि पूर्ण झालेले चित्र पाहिल्यावरचा त्याचा अभिप्राय यांना स्थान असावे. ‘नाक बरोबर आलं, पण माय नाही आली’ अशा धर्तीचे घरच्यांचे एखादे वाक्य परीक्षकाच्या शेऱ्याहून अधिक उपयुक्त असते, कारण ते सादृश्य व व्यक्तिमत्त्व यांतील अंतर अचूक दाखविते. अशा वेळी विद्यार्थ्याने वाद घालू नये. आणखी एक बैठक मागावी. एखाद्याने बसण्यास नकार दिला, किंवा चित्र प्रदर्शनात लावू नका असे सांगितले, तर तो शब्द अखेरचा मानावा.

गावात हात चांगला असल्याची कीर्ती झालेल्या विद्यार्थ्याकडे आणखी एक काम येते. कोणाचे तरी वडील वारलेले असतात आणि घरात त्यांचा एकमेव फोटो आधार कार्डावरचा किंवा लग्नाच्या गर्दीतील असतो. तो मोठा करून द्यावा, ही विनंती असते. अनेक विद्यार्थ्यांची ही पहिली कमाई असते. अशा कामाकडे हलके म्हणून पाहण्याची कलाशिक्षकांची वृत्ती समर्थनीय नाही. पुसट फोटोतून चेहरा उभा करताना विद्यार्थ्याने मृताच्या सख्ख्या भावाला वा मुलाला समोर बसवून कपाळ, कान व जबड्याची ठेवण तपासावी, घरच्यांना विचारून चष्मा, टोपी, मिशीची लांबी ठरवावी आणि पूर्ण होण्याआधी दोनदा दाखवावे. रोदँने बाल्झाकसाठी केले ते याहून फार वेगळे नव्हते.

मूल्यमापन :

केवळ अंतिम चित्रावर गुण दिले तर छायाचित्रावरून नक्कल करणारा विद्यार्थी नेहमीच पुढे राहील. शंभरपैकी निम्मे गुण रेखाटनवही, बैठकींच्या तारखा, मातीच्या परीक्षा आणि फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदींना ठेवावेत. तडकलेले डोके फेकून न देता ते परीक्षकासमोर ठेवण्याची मुभा असावी. ते का तडकले हे विद्यार्थी सांगू शकला तर त्याचे गुण कापण्याचे कारण नाही. तोंडी परीक्षेत समोर बसलेल्या अनोळखी व्यक्तीचे पंधरा मिनिटांचे रेखाटन करवून घ्यावे. तेवढ्या वेळात सादृश्य साधणार नाही, पण विद्यार्थी कागदाकडे किती वेळा पाहतो आणि माणसाकडे किती वेळा, हे परीक्षकाला दिसते.

प्रदर्शन महाविद्यालयाच्या सभागृहात भरविण्यास हरकत नाही, परंतु ज्यांच्या बैठकी घेतल्या त्यांना येण्याजाण्याचे भाडे देऊन बोलाविले जावे आणि उद्घाटनाच्या वेळी त्यांना आपापल्या चित्राशेजारी खुर्ची मिळावी. प्रदर्शन संपल्यावर मूळ रेखाटन विद्यार्थ्याने ठेवावे व एक प्रत बसणाऱ्याला द्यावी. प्लास्टरचे शिल्प घरी नेण्याची इच्छा कोणी व्यक्त केल्यास ते पावसाच्या ओलीपासून दूर, भिंतीच्या उंच कोनाड्यात ठेवण्यास सांगावे. प्लास्टर ओल शोषते आणि दोन पावसाळ्यांत पृष्ठभाग सुटू लागतो.